वाचकांचे प्रश्न : लांबच्या प्रवासात बूड का दुखतं?

पावसाळा सरला की इंदूरहून मोटारसायकलवर ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू करणाऱ्यांची आणि दिवाळीला थेट नाशिक-पुणे गाठणाऱ्यांची पत्रं येऊ लागतात. या वेळच्या पत्रांत बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच आहे: गाडी ठणठणीत, पण बसणाऱ्याचं अंग अवघडतं. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

माझी १५० सीसीची गाडी पाच वर्षं जुनी आहे. शहरात काही जाणवत नाही, पण भोपाळला निघालो की देवास ओलांडेपर्यंत बूड दुखायला लागतं. बाजारातली जेलची गादी सीटवर बांधली. थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. सीटमध्ये आणखी मऊ फोम भरून घ्यावा का?
*– राजेंद्र नगर, इंदूर*

मऊ फोम नको. आधी दुखतं तिथे काय होतं ते पाहा. खुर्चीवर सरळ बसून दोन्ही तळवे बुडाखाली घातले की दोन टणक उंचवटे हाताला लागतात. ती बैठकीची हाडं. बसल्यावर वजन तोलायला शरीरात हीच जागा आहे. फोम फार मऊ असला की ही हाडं त्यात रुतत जातात आणि शेवटी खालच्या प्लेटला टेकतात. बाजूचा फोम वर येतो आणि मांडीच्या मुळाशी, मधल्या नाजूक भागावर दाबतो. दबलेल्या मांसात रक्त नीट फिरत नाही, म्हणून आधी जळजळ, मग कळा, मग बधिरपणा असा क्रम लागतो. दुकानात पाच मिनिटं बसून पाहिलेली मऊ गादी छान वाटते, कारण रुतायला वेळ लागतो.

किती वेळाने दुखतं हेही लक्षात घ्या. पंधरा-वीस मिनिटांतच टोचत असेल तर सीटचा आकार, कड किंवा कव्हरची शिवण चुकीच्या जागी आहे. तासाभराने दुखत असेल तर बहुधा फोम बसला आहे. फक्त खराब रस्त्यावर दुखत असेल तर सीटला हात लावण्याआधी शॉकअप बघा. तुमचं दुखणं दुसऱ्या प्रकारातलं दिसतं. खात्री करायची तर सीट काढून जमिनीवर ठेवा आणि हाडं टेकतात त्या जागी गुडघा रोवून सगळं वजन द्या. खालची कठीण प्लेट गुडघ्याला जाणवली तर त्या फोममध्ये दम उरलेला नाही.

आता हाडांची जागा मोजायची. टणक, बुटक्या स्टुलावर खोक्याचा जाड पुठ्ठा ठेवा, त्यावर बसा, पाय थोडे उचलून धरा आणि दोन मिनिटं हलू नका. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर बहुतेकांचं १० ते १४ सेंमी भरतं. तुम्ही बसता त्या जागी सीटचा सपाट भाग या अंतरापेक्षा किमान ५-६ सेंमी रुंद हवा. पुष्कळ गाड्यांची सीट टाकीकडे निमुळती असते. माणूस दोन इंच पुढे सरकला की हाडं सीटच्या उतरत्या कडांवर येतात, आणि मग कितीही चांगला फोम असला तरी उपयोग होत नाही.

काम असं करून घ्या. सीट उलटी करून स्टेपल पिना चपट्या पेचकसने उचला आणि कव्हर मागून पुढे सोडवा. हाडांच्या जागी मूळ फोम साधारण २५ मिमी खोल कापा आणि तिथे तेवढ्याच जाडीचा रिबॉन्डेड फोम बसवा. हा फोमचे तुकडे दाबून केलेला असतो, गाद्यांच्या दुकानात मिळतो. घनता ८० ते १०० ची मागा. वजन ८५ किलोच्या वर असेल तर १०० चीच. कापलेला खड्डा प्रत्येक हाडाभोवती ४-५ सेंमी मोठा असू द्या, नाहीतर जोडाची कड हाडाखाली येईल. त्यावर सगळ्या सीटभर मऊ फोमचा १० ते १२ मिमीचा थर. रबर सोल्यूशन दोन्ही बाजूंना पातळ लावून आठ-दहा मिनिटं सुकू द्या, मगच चिकटवा. घाईत ओलं आणि जाड लावलं तर ते वाळून त्याची टणक रेघ तयार होते आणि ती नेमकी टोचते. मांडीच्या आतल्या बाजूच्या कडा सँडपेपरने घासून गोल करा. त्याने मांडीवरची धार जाते आणि पायही जमिनीला नीट टेकतात.

कव्हर लगेच शिवू देऊ नका. रात्रभर सोल्यूशन वाळू द्या, मग जुनंच कव्हर ओढून दोरीने बांधा आणि राऊपर्यंत जाऊन या. दोन-तीन मिलिमीटरचा फरकसुद्धा अर्ध्या तासात कळतो, आणि या टप्प्यावर घासून कमी करता येतं. नवं कव्हर घेताना बैठकीच्या भागात आडवी-उभी शिवण अजिबात नको: ती टोचते आणि पावसात तिच्यातूनच पाणी फोममध्ये शिरतं. कव्हरखाली पातळ प्लॅस्टिकचा कागद घालून घ्या. सीट शिवणाऱ्याला “आरामदायक करून दे” एवढंच सांगितलं तर तो वरून दोन इंच स्पंज चढवून देतो; त्याला पुठ्ठा दाखवा, खळगे दाखवा आणि कुठे कडक, कुठे मऊ ते खडूने आखून द्या.

एक बारीक गोष्ट, जी हमखास सुटते: सीटच्या प्लेटखाली रबराच्या गोट्या असतात, त्यांवर सीट चेसिसला टेकते. जुन्या गाडीत त्यातली एखादी गळून पडलेली असते किंवा चेपून सपाट झालेली असते. मग प्लेट थेट लोखंडाला लागते आणि इंजिनाची सगळी थरथर वर येते. या गोट्या अगदी किरकोळ किमतीत मिळतात. फोमला हात लावण्याआधी त्या मोजा.

जेलबद्दल: जेल दाबून आक्रसत नाही, ती नुसती बाजूला सरकते. फोमच्या वर बांधलेली जेल हाडाखालून निघून जाते, आणि उन्हात उभ्या गाडीवर तापली की बराच वेळ गार होत नाही. वापरायचीच तर १० मिमीचा तुकडा, रिबॉन्डेड फोमच्या वर आणि मऊ थराच्या खाली. वरून बांधायचं काही हवं असेल तर जाळीदार कव्हर बरं, त्यातून वारा खेळतो. हवेची गादीही चालते, पण ती लोक टम्म फुगवतात आणि मग गाडी वळणावर डोलल्यासारखी वाटते. बसल्यावर हवा सोडत जा. हाड आणि सीट यांत सेंटीमीटरभर अंतर राहिलं की तोटी बंद करा.

ब्रेक मारला की मी टाकीवर सरकतो. दर दोन मिनिटांनी मागे सरकून बसावं लागतं. सीट गुळगुळीत आहे म्हणून खडबडीत कव्हर घालू का?
*– लोकमान्य नगर, इंदूर*

खडबडीत कव्हरने सरकणं कमी होईल, पण मग कपडा जागीच अडकतो, आतली कातडी सरकते आणि घासून सोलवटून निघते. दोष सीटच्या उताराचा आहे. सपाट जमिनीवर दुसऱ्या कुणाला गाडी सरळ धरायला सांगा, तुम्ही बसता त्या जागी फूटपट्टी ठेवून तिच्यावर मोबाइलमधलं उतार मोजायचं लेव्हल लावून ठेवा. उतार पुढच्या बाजूला ३-४ अंशांहून जास्त असेल तर सीटच्या पुढच्या भागात १० ते १५ मिमी फोम वाढवून घ्या, पाचराच्या आकाराचा: टाकीकडे जाड, मागे शून्य. त्याआधी मागचे शॉकअप वाजवीपेक्षा वरच्या पायरीवर (म्हणजे स्प्रिंग कडक करणाऱ्या खाचेवर) तर नाहीत ना ते पाहा, कारण मागची बाजू उचलली की उतार आपोआप वाढतो. आणि ब्रेक लावताना गुडघ्यांनी टाकी धरायची सवय करा. त्या क्षणी हातांवर येणारं वजन निम्म्याहून कमी झाल्यासारखं वाटेल.

मेकॅनिकने शॉकअप कडक करून दिले. आता महेश्वरला जाताना रस्त्याच्या प्रत्येक सांध्याला पाठीत दणका बसतो. जॅकेटवर पट्टा बांधून फायदा होईल का?
*– महू*

पट्ट्याआधी शॉकअप पुन्हा सैल करा. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक अधांतरी. चाकाच्या आसापासून सरळ वर, बाजूच्या पॅनलवर टेपचा तुकडा लावा आणि अंतर मोजा. मग गाडी खाली उतरवा, हेल्मेट-जॅकेटसकट बसा, पाय फूटरेस्टवर घ्या. एकाने पुढून हँडल धरावं, दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजावं. साध्या रोजच्या गाडीत फरक २५ ते ३० मिमी असावा. २० हून कमी असेल तर स्प्रिंग वाजवीपेक्षा कडक आहे, ४० च्या वर गेला तर मोठ्या खड्ड्यात शॉकअप तळाला आपटेल. टूलकिटमधल्या हुक पान्याने एकेक पायरी फिरवा, आणि दोन शॉकअप असतील तर दोन्ही एकाच पायरीवर ठेवा.

टायरची हवाही तपासा. कंपनीचा आकडा चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) चिकटवलेला असतो. पंपावरचा मुलगा सवयीने जास्तच भरतो. हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची. आकड्यापेक्षा ५ पीएसआय जास्त असली तर बारीक खडीसुद्धा कण्यात जाणवते.

८० च्या पुढे गेलो की हाताची बोटं बधिर होतात. उजव्या हाताची जास्त. ग्लोव्ह्ज घालतो, तरीही.
*– सुदामा नगर, इंदूर*

कोणती बोटं, हे पत्रात लिहिलेलं नाही, आणि उत्तर त्यावरच ठरतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताची करंगळीकडची टाच ग्रिपवर दाबली जाते आहे किंवा कोपर फार वाकलेलं आहे. अंगठा, तर्जनी, मधलं बोट असेल तर मनगट वाकलेलं राहतं आहे.

मनगटाचा दोष बहुधा लिव्हरच्या कोनात असतो. नेहमीसारखे बसा, डोळे मिटा, हात ग्रिपवर ठेवा आणि बोटं पुढे सोडा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक सरळ रेघ झाली पाहिजे आणि बोटं लिव्हरवरच पडली पाहिजेत. बोटं उचलावी लागत असतील तर लिव्हर वर आहे. क्लँपचा बोल्ट अर्धा फेरा सैल करून लिव्हर थोडा खाली फिरवा आणि पुन्हा आवळा. गाडी पडली तर लिव्हर तुटण्याऐवजी फिरावा इतपतच घट्ट. ब्रेकच्या बाजूला तेलाची टाकी असेल तर ती आडवी राहते आहे ना ते बघा.

उजवा हात जास्त बधिर होतो कारण तो थ्रॉटल धरून तासभर हलत नाही, आणि वारा जोराचा असला की माणूस नकळत मूठ आवळतो. बोटं ग्रिपभोवती अशी ठेवा की डाव्या हाताने ग्लोव्हचं टोक ओढलं तर ते सरकेल. हँडलच्या टोकाचे वजनदार गोळे शाबूत आहेत ना, इंजिनाचे माउंटिंग बोल्ट आवळलेले आहेत ना, चेन फार ताणलेली नाही ना, हे तपासून घ्या. एकाच सिलिंडरच्या गाडीला एका ठरावीक आरपीएमवर जास्त थरथर असते. तुमच्या गाडीची ती ८० ला येत असेल तर ७० ला चालवा. पुण्यापर्यंत त्याने तासभर जास्त लागेल, पण हात हातात राहतील.

हँडल दूर वाटत असेल तर २० ते ३० मिमीचे रायझर, म्हणजे हँडल उंच करणारे ठोकळे, घालता येतात. ते बसवल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा: क्लच वायर ताणली तर क्लच अर्धवट दबून राहील, थ्रॉटल वायर ताणली तर हँडल वळवताच गाडी आपोआप रेस होईल. ब्रेकची नळी कुठेही ताणता कामा नये. जाड पॅडिंगचे ग्लोव्ह्ज घेऊन बधिरपणा जाईल असं मानू नका. ग्रिप जाड झाली की मूठ आणखी आवळावी लागते. प्रवासानंतर रात्रीही मुंग्या येत राहिल्या किंवा पकड ढिली पडली तर डॉक्टरांना दाखवा.

दर पौर्णिमेला आम्ही दोघं ओंकारेश्वरला मोटारसायकलने जातो. मी साडी नेसून एका बाजूला बसते. बडवाह येईपर्यंत डावी कंबर आणि खुबा भरून येतो. ह्यांचं म्हणणं, गाडी बदलू. खरंच गाडीचा दोष आहे का?
*– रामबाग, इंदूर*

काकू, गाडी बदलायची गरज नाही, बसण्याची पद्धत बदला. एका बाजूला बसलं की सगळं वजन एका खुब्यावर येतं, कमरेपासून वरचं अंग पुढे वळवून धरावं लागतं आणि कणा तासन् तास पिळलेला राहतो. शिवाय मागे बसणारा जवळजवळ मागच्या चाकाच्या आसावरच असतो, म्हणून खड्ड्याचा मार चालवणाऱ्यापेक्षा त्याला जास्त. सगळ्यात मोठं कारण म्हणजे सिमरोलच्या पुढच्या घाटात ब्रेक लागला तर धरून राहायला पाय नसतात. देवळापर्यंत गल्लीत ठीक, ओंकारेश्वरपर्यंत नको. सलवार-कमीज घालून दोन्ही बाजूंना पाय टाकून बसा. साडी पिशवीत घ्या आणि तिथे बदला.

ह्यांना सांगा, तुम्ही मागे असाल तेव्हा शॉकअप दोन पायऱ्या वर घ्यायचे आणि मागच्या टायरमध्ये दोघांसाठीचा, म्हणजे स्टिकरवरचा मोठा आकडा भरायचा. मागचे फूटरेस्ट रबरासकट असायला हवेत. पाय लोंबकळले की मांडीची खालची बाजू सीटच्या कडेवर दाबते आणि पावलांना मुंग्या येतात. मागे पाठ टेकायला कॅरिअरवर घट्ट बसवलेला टेकू असला तर फार फरक पडतो. एक हात मागच्या दांडीवर, एक ह्यांच्या कमरेशी. दर ४०-४५ मिनिटांनी उतरून पाच मिनिटं चाला. आणि हेल्मेट तुमच्याही डोक्यावर हवं.

उन्हाळ्यात मांड्यांच्या आत पुरळ येतं, कातडी सोलवटते. मेडिकलमधून आणलेल्या मलमाने जातं आणि पुन्हा येतं.
*– इंदूर*

घाम, घर्षण आणि उष्णता तिन्ही एकत्र आल्यावर हे होतं. सुती अंतर्वस्त्र घाम पिऊन ओलं राहतं आणि ओली कातडी लवकर सोलवटते. या एका कामासाठी घाम बाहेर टाकणारी, मांडीपर्यंत येणारी, शिवण बाजूला असलेली सिंथेटिक चड्डी बरी. जीन्सची मधली जाड शिवण तर नेमकी बसायच्या जागी येते, ती टाळा. सायकलची जाड पॅडवाली चड्डी घेऊ नका. ते पॅड पुढे झुकून अरुंद सीटवर बसण्यासाठी बेतलेलं असतं, आणि मोटारसायकलवर घडी होऊन बसतं.

निघण्याआधी जांघेत पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. पावडर घामात भिजली की तिच्या गोळ्या होतात आणि त्या घासतात. मुक्कामाला पोचल्यावर धुऊन, पूर्ण कोरडं करून झिंक ऑक्साईडचं मलम लावा. “जातं आणि पुन्हा येतं” हे मात्र काळजीचं आहे. अनेक तयार मलमांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं; त्याने खाज थांबते, पण आत बुरशी असेल तर ती पसरते. ते बंद करून त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

वय ६३. माकडहाडाशी दुखतं. मधे भोक असलेली गोल गादी वापरू का?
*– ग्वाल्हेर*

गोल नको, ती हाडाभोवतीच्या मांसाला खाली लोंबू देते. मागे यू आकाराची खाच असलेली गादी घ्या, खाच माकडहाडाच्या खाली येईल अशी. माकडहाडावर वजन येतं ते पोक काढून बसल्यामुळे, आणि पोक बहुधा हँडल दूर असलं की निघतं. म्हणून कंबर किंचित पुढे झुकवून, पोट हलकंसं आत घेऊन बसून बघा. पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, किंवा मूळव्याध वा प्रोस्टेटचा त्रास असेल, तर आधी डॉक्टर, मग गादी.

दिवाळीला इंदूर ते पुणे एका दिवसात करायचा विचार आहे. किती वेळाने थांबावं?
*– राऊ*

अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. दुचाकीवर एका दिवसात करू नका. धुळ्याला मुक्काम करा, ते अडीचशेच्या आसपास आहे आणि उजेडात आरामात गाठता येतं. दुखायला लागल्यावर थांबण्यात अर्थ नसतो, तोवर मांस दबून गेलेलं असतं आणि दहा मिनिटांत ते सावरत नाही. म्हणून घड्याळ बघून, दर तासा-सव्वा तासाने थांबायचं: मानपूरचा घाट उतरून खलघाटला नर्मदेपाशी, मग सेंधव्याच्या अलीकडे, मग बिजासन घाट उतरल्यावर शिरपूरला. प्रत्येक ठिकाणी पाच-सात मिनिटं चाला, ग्लासभर पाणी प्या. गाडीला टेकून मोबाइल बघणं म्हणजे विश्रांती नव्हे.

मधल्या वेळात, सरळ मोकळा रस्ता असेल तेव्हा वेग ६० च्या खाली आणून फूटरेस्टवर गुडघे किंचित वाकवून पंधरा-वीस सेकंद उभे राहा. मागच्या खिशातलं पाकीट काढून जॅकेटमध्ये ठेवा. ते एका कुल्ह्याखाली राहिलं की कंबर तिरकी होते, मांडीमागच्या शिरेवर दाब येतो आणि पायात कळ उतरते. पाठीवरची सॅक गाडीवर बांधा. सॅकचं सगळं वजन खांद्यांतून खाली बैठकीच्या हाडांवरच येतं.

धुळ्याला पोचल्यावर लगेच खाटेवर आडवं पडू नका. दहा मिनिटं चाला, मग जमिनीवर उताणे झोपून पिंढऱ्या खुर्चीवर टेकवा, गुडघे काटकोनात, आणि तसेच दहा मिनिटं पडून राहा. सकाळी निघण्याआधी टायर थंड असतानाच हवा बघून घ्या.